खापर रंगावर का?

बँटम म्हणजे बुटक्या कोंबड्यांमध्ये नवा रंग आणणारा माणूस जातीची वाट लावतो, हा आरोप हौशी कोंबडीपालकांच्या वर्तुळात इतक्या ठामपणे केला जातो की तो तपासून पाहायचे सहसा कोणाला सुचत नाही. आरोपाचा आशय साधारण असा: जात ही पूर्वजांनी सोपवलेली ठेव आहे, तिचे रंग प्रमाणग्रंथात एकदाचे लिहून झाले आहेत. त्याबाहेरचा रंग हवा तर बाहेरचे रक्त आणावे लागणार, आणि बाहेरचे रक्त म्हणजे भेसळ. एवढा खटाटोप कशासाठी, तर डोळ्यांना काहीतरी नवे दिसावे म्हणून. अलीकडे यात प्राण्यांच्या हालांचा मुद्दाही जोडला जातो. रंगाच्या हव्यासापायी मुकी पाखरे भोगतात, असे सांगितले की समोरचा गप्प बसतो.

मी गप्प बसणार नाही, कारण हा आरोप नुसता चुकीचा नाही, तो घातक आहे. ज्या दुखण्यांसाठी रंगाला दोषी धरले जाते, त्यांतली बरीचशी दार बंद ठेवण्याच्या याच वृत्तीने जन्माला घातली आहेत.

सुरुवात ठेवीपासूनच करू. इंग्लंडच्या बँटम परंपरेचा मानबिंदू म्हणून सेब्राइट बँटमकडे बोट दाखवले जाते. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, अंगावरचे प्रत्येक पीस सोनेरी किंवा रुपेरी, आणि त्या पिसाला चहूबाजूंनी बारीक काळी किनार. सर जॉन सॉन्डर्स सेब्राइट (1767–1846) या हर्टफर्डशरच्या खासदारांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती घडवली. घडवली, सापडली नाही. साधी बँटम आणि डोक्यावर पिसांचा झुबका मिरवणारी पोलिश कोंबडी यांच्या संकरातून ती निघाली, आणि पुढे त्यात शेपटीची लांब पिसे नसलेल्या नराचे रक्त आले, असे डार्विनने नोंदवले आहे. म्हणजे आज जिला शुद्धतेचा दाखला मानतात, ती जात रंगासाठी आणि पिसाच्या नक्षीसाठी केलेल्या संकराचेच अपत्य आहे. सेब्राइट यांच्या काळात आजचे शुद्धतावादी परीक्षक असते, तर ही कोंबडी प्रदर्शनाच्या दारातूनच परत गेली असती.

तिचा नर तर आणखी बोलका आहे. एरवी कोंबड्याच्या मानेवरची आणि कमरेवरची पिसे लांब, टोकदार असतात, आणि टोकदार पिसाला सगळीकडून सारखी किनार बसत नाही. सेब्राइटच्या नराची पिसे कोंबडीसारखी गोल असतात, म्हणून त्याच्या अंगावर नक्षी उठून दिसते. थॉमस हंट मॉर्गन यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या नरांवर प्रयोग केले. वृषण काढून टाकले की याच नरांना नेहमीच्या कोंबड्यासारखी लांब पिसे येऊ लागली. यामागचे कारण पुढे जनुकाच्या पातळीवर उलगडले. नर संप्रेरकाचे मादी संप्रेरकात रूपांतर करणाऱ्या जनुकाशेजारी एका विषाणूचा तुकडा येऊन बसला आहे, आणि त्यामुळे ते जनुक या पक्ष्यांच्या त्वचेतही चालू राहते. प्रमाणग्रंथाने गौरवलेले हे सौंदर्य कधीकाळी एका कळपात उपटलेली विकृती होती. कोणीतरी ती फेकून न देता राखली, म्हणून सेब्राइट आहे.

आता बाहेरच्या रक्ताची भीती. सेब्राइट यांनी 1809 साली सर जोसेफ बँक्स यांना लिहिलेल्या पत्राची पुस्तिका निघाली होती, आणि पाळीव प्राण्यांच्या पैदाशीवरच्या लिखाणात तिचे स्थान आजही मोठे आहे. आपल्याच कुत्र्यांत, कोंबड्यांत आणि कबुतरांत जवळच्या नात्यात पैदास करून काय झाले, ते त्यांनी तिच्यात न लपवता मांडले आहे. दणकट स्पॅनियल कुत्री पिढ्या उलटताना मांडीवर बसण्याजोगी किरकोळ झाली. कोंबड्या पायांनी लांब, अंगाने बारीक झाल्या आणि नीट पैदास देईनाशा झाल्या. हे ज्यांनी लिहिले त्यांच्याच नावाची जात पुढे पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आत जुळवली गेली, आणि सेब्राइट पाळणारे आजही अंडी रिकामी निघतात म्हणून तक्रार करतात. अनेक जाणते पाळणारे पैदाशीसाठी मुद्दाम थोडी टोकदार पिसे असलेला नर निवडतात, कारण त्याच्याकडून फळलेली अंडी जास्त मिळतात. प्रदर्शनात जो नर बाद ठरेल त्याच्याच जोरावर जात तगून आहे. हे दिसत असताना बाहेरचे रक्त म्हणजे भेसळ, असे म्हणायला मन कसे धजते, हे मला कळत नाही.

नवा रंग आणताना नाइलाजाने का होईना, नवे रक्त येते. रंगासाठी केलेला संकर हा लहान, एकमेकांत गुंतलेल्या कळपात ताजेपणा आणण्याचा मान्यताप्राप्त म्हणावा असा जवळजवळ एकमेव बहाणा उरला आहे. निव्वळ जोम वाढावा म्हणून परक्या जातीचा नर आणला, तर पाळणारा ते चारचौघांत सांगत नाही. रंगासाठी आणला, तर निदान नोंद ठेवतो.

प्राण्यांच्या हालांबद्दल बोलणाऱ्यांना मी एकच विनंती करीन: आधी जपानी बँटमकडे, म्हणजे चाबोकडे बघा. पोट जमिनीला टेकेल इतके आखूड पाय आणि डोक्याच्याही वर जाणारी उभी शेपटी, ही तिची ओळख. हे आखूड पाय एका प्रभावी जनुकामुळे येतात. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती आखूड आल्या, की पिल्लू अंड्यातच मरते. आखूड पायांचा नर आणि आखूड पायांची मादी जुळवली, तर फळलेल्या अंड्यांपैकी सरासरी पाव अंड्यांतली पिल्ले कवच फोडतच नाहीत. जी बाहेर येतात त्यांतला एक तृतीयांश भाग लांब पायांचा निघतो, आणि तो प्रदर्शनासाठी निरुपयोगी ठरतो. हा दोष नव्या रंगाचा नाही. तो शतकानुशतके वाखाणल्या गेलेल्या आकाराचा आहे. अमेरिकेतल्या अरॉकाना कोंबडीच्या कानांजवळचे पिसांचे झुबकेही असेच. तिथेही दोन प्रती म्हणजे अंड्यातला मृत्यू. या जाती पाळू नयेत, असे मी म्हणत नाही. लांब पायांचा नर आखूड पायांच्या मादीला लावला तर एकही पिल्लू या कारणाने मरत नाही, आणि समजदार पाळणारे तसेच करतात. पण ज्यांना चाबोची मरणारी पिल्ले दिसत नाहीत आणि चॉकलेटी पिसात मात्र क्रौर्य दिसते, त्यांची कळकळ पिल्लांसाठी आहे की जुन्या पुस्तकासाठी, हा प्रश्न मी विचारणारच.

रंगाचे जनुक निरुपद्रवीच असते, असा दावा मी करणार नाही. तो खोटा ठरेल. रंगद्रव्याचे जनुक पक्ष्याच्या नशिबावर परिणाम करू शकते. एकाच कळपातल्या पांढऱ्या आणि रंगीत कोंबड्यांचा अभ्यास 2004 साली ‘नेचर’मध्ये आला होता. इतर कोंबड्यांकडून पिसे टोचली जाण्याचा त्रास रंगीत पक्ष्यांना जास्त होतो, असे त्यात दिसले. म्हणजे पांढरेपणा आणणारे जनुक त्या पक्ष्यांना थोडे वाचवत होते. रंगाचा असा प्रत्येक धागा तपासलाच पाहिजे.

विरोधकांचा आवडता दाखला लॅव्हेंडरचा असतो, म्हणून त्याच्यावर थोडे थांबतो. लॅव्हेंडर म्हणजे काळ्याचा फिकट, राखी-निळसर रंग. 2008 साली त्यामागचा बदल सापडला. मेलानोफिलिन नावाच्या जनुकात एकाच ठिकाणी फरक पडतो, रंगाचे कण पिसात नीट वाहून नेले जात नाहीत, आणि रंग विखुरलेला, फिका दिसतो. लॅव्हेंडर ओर्पिंग्टनच्या काही कुळांत शेपटीची आणि पंखांची पिसे विरलेल्या कापडासारखी झडतात. हे खरे आहे आणि वाईट दिसते. पण ते होते कुठे? लॅव्हेंडरला लॅव्हेंडरच लावत राहिलेल्या कुळांत. दर काही पिढ्यांनी चांगल्या पिसांच्या काळ्या पक्ष्याकडे परत जाणाऱ्यांच्या कळपांत हा दोष कमी होत जातो. शिवाय हे जनुक काल-परवा कोणी घुसवलेले नाही. बेल्जियममधल्या उक्ल गावचे मिशेल व्हॅन गेल्डर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी दाढीवाली, पायांवर पिसे असलेली बँटम तयार केली, तिचा ‘पोर्सेलीन’ रंग हा लॅव्हेंडरचाच खेळ आहे. पोर्सेलीन प्रमाणग्रंथांत मानाने बसलेला आहे. त्याच्यावर कोणी बोट ठेवत नाही. तेच जनुक दुसऱ्या जातीत गेले की एकाएकी पाप कसे होते?

रंग म्हणजे रिकामटेकड्यांचा शौक, हा आक्षेप मी लवकर संपवतो. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे विल्यम बेटसन यांनी 1902 साली कोंबड्यांवरूनच दाखवले. निळ्या अँडलुशियन कोंबडीचे कोडे बेटसन आणि पनेट यांच्या काळात सुटले. आणि आज तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्यांच्या कित्येक उबवणी केंद्रांत एक दिवसाचे पिल्लू नर की मादी, हे त्याच्या लवेच्या रंगावरून ओळखतात. सोनेरी नर रुपेरी मादीला लावला की मुली सोनेरी आणि मुलगे फिकट निघतात. हौशी माणसांनी पिसांचे रंग डोळ्यांत तेल घालून पाहिले नसते, त्यांच्या नोंदी ठेवल्या नसत्या, तर हे ज्ञान हाताशी आले नसते.

निळ्या रंगाची गोष्ट मात्र लवकर संपवता येणार नाही, कारण शुद्धतेच्या कल्पनेने किती नासाडी होते, ते तिच्यात दिसते. निळ्याला निळा लावला की सरासरी पाव पिल्ले काळी, निम्मी निळी आणि पाव पांढुरकी, निळ्या शिंतोड्यांची निघतात. पिढ्यान्‌पिढ्या पाळणाऱ्यांना वाटले की काळी आणि शिंतोड्यांची पिल्ले म्हणजे रक्तातली अशुद्धता. ती निवडून काढून टाकली, म्हणजे कधीतरी निळा ‘शुद्ध’ होईल, या आशेने दर हंगामात निम्मी पैदास बाद केली गेली. वस्तुस्थिती अशी, की काळा आणि शिंतोड्यांचा पक्षी एकत्र लावले की सगळीच्या सगळी पिल्ले निळी निघतात. ज्यांना कचरा म्हणून टाकले, तीच शंभर टक्के निळ्याची जोडी होती. रंगाच्या अज्ञानाने केलेला हा संहार होता, आणि तो थांबला तो रंगाच्या अभ्यासाने.

विरोधकांचा एक युक्तिवाद मात्र दमदार आहे, आणि त्याला झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. एखाद्या जातीचे पक्षीच मुळात थोडे. त्यांत दहा रंग काढले, की प्रत्येक रंगाच्या वाट्याला मूठभर पक्षी येणार, प्रत्येक मूठ आतल्या आत जुळवली जाणार आणि दहाही रंग एकदम कमजोर होणार. ही भीती खरी आहे. पण तिच्यातला दोषी कोण ते नीट पाहू. काळा, निळा, शिंतोड्यांचा, लॅव्हेंडर, चॉकलेटी हे सगळे रंग एकाच काळ्या कळपावर उभे राहतात. एखाद-दुसरे जनुक इकडेतिकडे, बाकी पक्षी तोच. काळा कळप मोठा आणि निरोगी ठेवला, तर बाकीचे चारही रंग त्याच्याकडून दर काही वर्षांनी रक्त घेऊ शकतात. तसे केले तर पाच रंग म्हणजे पाच वेगळ्या वस्त्या राहत नाहीत. वस्त्या वेगळ्या होतात त्या रंगारंगांत संकर केलेला पक्षी हलका मानण्याच्या सवयीने.

नक्षीच्या रंगांबाबत मात्र मी विरोधकांच्या बाजूने बोलेन. तितराच्या पिसांसारखी नक्षी किंवा प्रत्येक पिसावरची दुहेरी किनार अनेक जनुकांच्या नेमक्या जुळणीवर अवलंबून असते. अशा कळपात काळे रक्त आणले, की ती जुळणी विस्कटते आणि परत बसायला कित्येक पिढ्या जातात. ज्या जातीचे पक्षी आधीच मोजके आहेत, तिच्यात अशी नवी नक्षी काढायला घेऊ नये. उलट, आधीपासून असलेल्या नक्षीदार रंगांना चार नवी खुराडी मिळवून द्यावीत. हे मी मनापासून म्हणतो, आणि नवे रंग करणाऱ्या उत्साही मंडळींनी ते ऐकावे अशी माझी इच्छा आहे.

रंगाच्या नावाखाली फसवणूक होते, हेही खरे. पहिल्या संकराची, ना धड या जातीची ना त्या जातीची पिल्ले ‘दुर्मीळ रंग’ म्हणून चढ्या भावाने विकली जातात. आपल्याकडेही सिल्की, कोचीन बँटम अशा शोभेच्या कोंबड्यांचे गिऱ्हाईक वाढले आहे आणि त्यासोबत हे प्रकारही. रंगाच्या आकर्षणाचा बाजार किती वाईट वळण घेऊ शकतो, ते महाराष्ट्राने कडकनाथच्या निमित्ताने पाहिले आहे. 2019 साली सांगली जिल्ह्यातून जो घोटाळा उघडकीस आला, त्यात काळ्या कोंबड्या वाढवा, अंडी आणि पक्षी आम्ही परत विकत घेऊ, अशा हमीवर शेतकऱ्यांचे पैसे अडकले. पण त्या वेळी कोणी कडकनाथच्या काळेपणाला गुन्हेगार ठरवले नाही. झाबुआच्या त्या कोंबडीला 2018 सालीच भौगोलिक मानांकन मिळाले होते. तिची कातडी, मांस आणि हाडेही काळी करणारा जनुकीय बदल तिच्यात आणि सिल्कीत एकच आहे, आणि तो फार जुना आहे. दोष खोट्या हमीचा होता. बँटमच्या बाजारातही दोष खोट्या वंशावळीचा आहे. त्यासाठी विक्रेत्याला धरावे, पैदासकाराला नव्हे.

प्रामाणिक पैदासकार काय करतो, ते एका उदाहरणाने सांगतो. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह केअरफुट यांनी ओर्पिंग्टन बँटममधल्या चॉकलेटी रंगाचा अभ्यास केला आणि तो लिंगाशी जोडलेला, अप्रभावी रंग असल्याचे दाखवले. समजा, हा रंग पेकिन बँटममध्ये आणायचा आहे. पेकिनचा नर सातशे ग्रॅमच्या आतला, चेंडूसारखा गोल, पायांच्या बोटांपर्यंत पिसांनी झाकलेला. ओर्पिंग्टन बँटमचा नर त्याच्या दुपटीहून जड, पाय उघडे. चॉकलेटी ओर्पिंग्टन नर काळ्या पेकिन मादीला लावला की पहिल्याच पिढीत सगळ्या मुली चॉकलेटी निघतात. मादीकडे हा रंग वाहणाऱ्या गुणसूत्राची एकच प्रत असते, ती बापाकडून येते. रंग मिळाला! इथे विक्रेता थांबतो आणि जाहिरात देतो.

पैदासकाराचे काम इथे सुरू होते. ती चॉकलेटी तलंग काळ्या पेकिन नराला लावली, की एकही चॉकलेटी पिल्लू निघत नाही. पण प्रत्येक मुलगा काळ्या पिसांखाली तो रंग बाळगून असतो. त्यांतला सर्वांत गोल, पायांवर सर्वांत दाट पिसे असलेला मुलगा निवडून पुन्हा काळ्या पेकिन माद्यांना लावायचा. आता निम्म्या मुली चॉकलेटी. त्यांतली एक पुन्हा काळ्या नराला. असे चार वेळा मूळ जातीकडे परतल्यावर ओर्पिंग्टनचे रक्त सरासरी बत्तिसावा हिस्सा उरते. मग रंग बाळगणारा नर आणि चॉकलेटी मादी जुळवून चॉकलेटी नर मिळवायचे. वर्षाला एक पिढी धरली, तर सहा वर्षे गेली, आणि या काळात पायांची पिसे, वजन, अंगाची गोलाई, अंडी किती फळली, पिल्ले किती जगली, हे सगळे बघत राहावे लागते. कबुतरांच्या बाबतीत हवे ते पीस आपण तीन वर्षांत आणू, पण डोके आणि चोच मिळवायला सहा वर्षे लागतील, असे सेब्राइट म्हणत, हे डार्विनने ‘ओरिजिन’मध्ये नमूद केले आहे. नव्या रंगाची खरी मेहनत रंगात नसते, हे त्यांना दोनशे वर्षांपूर्वी माहीत होते. जो माणूस ती सहा वर्षे घालवतो, तो त्या जातीचा आकार तिच्या जुन्या राखणदारांपेक्षाही बारकाईने पाहायला शिकतो, कारण त्याला तो आकार हरवून पुन्हा उभा करावा लागतो. त्याला भेसळखोर म्हणणे अन्याय आहे.

म्हणून प्रदर्शने भरवणाऱ्या मंडळांनी नियम कडक करावेत, पण योग्य ठिकाणी. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन नव्या रंगाला मान्यता देताना किमान पाच पैदासकारांकडून, प्रत्येकी किमान पाच वर्षे तो रंग पाळल्याचे आणि निम्मी किंवा अधिक पिल्ले रंगाला धरून निघत असल्याचे लेखी मागते. ही चांगली अट आहे. तिच्यात आणखी एक घालावी: किती अंडी उबवायला ठेवली, किती फळली, किती पिल्ले कवच फोडून बाहेर आली आणि किती तलंगा अंड्यावर आल्या, याची वर्षवार नोंद. रंगारंगांतला संकर लपवावा लागू नये, यासाठी वंशावळीत तो उघडपणे लिहिण्याची सोय हवी. आणि उबवणीचा तो कागद नव्या रंगाकडून ज्या दिवशी मागितला जाईल, त्याच दिवशी तो सोनेरी आणि रुपेरी सेब्राइटकडून आणि आखूड पायांच्या चाबोकडूनही मागितला जावा.